दोन ओट्यांचा भत्ता

हे दोन ओटे बघा, समोरासमोर. मधे एवढीशी गल्ली. या ओट्यावर फक्त मुरमुरे मिळतात, त्या ओट्यावर फक्त चटणी. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून खाल्लेला भत्ता शोधत तुम्ही इतक्या लांबून आलात आणि मी कोरडे मुरमुरे हातात ठेवून तुम्हाला समोर पिटाळते आहे, म्हणून रागावू नका. रीतच तशी आहे. खाताना कौतुकाचा शब्द काढायचा नाही, हीसुद्धा रीत. बसा, सांगते.

फार पूर्वी इथे एकच ओटा होता, मी बसले आहे तो. त्यावर दोन जावा भत्ता विकायच्या. थोरली कोंडाई भट्टीच्या तापल्या वाळूत मुरमुरे फोडायची, धाकटी गुणाई पाट्यावर लसूण-मिरचीची चटणी वाटायची. दोघींना सासूनेच शिकवलेलं. मी कोंडाईच्या घरातली. समोर बसली आहे ती गुणाईच्या. तिचा तोरा दिसतोच आहे तुम्हाला.

एका जत्रेला दामा पाथरवट गावी परतला. तो लहानपणी त्यांच्या सासूच्या हातचा भत्ता खाऊन वाढलेला. पुढे मुलूखभर देवळं घडवत फिरला, म्हातारा झाला, दुखण्याने खंगला. कुठलंच अन्न त्याला गोड लागेना. हा भत्ता तेवढा खायचा म्हणून तो चालत आला, असं सांगतात. पहिला घास घेतला आणि चार माणसांत म्हणाला, "सासूची चव धाकटीच्या हातात उतरली आहे."

झालं. कोंडाईच्या अंगाचा तिळपापड झाला. चटके खाऊन तिचे हात काळे पडले होते, त्या हातांचं कुणी नाव तरी घेतलं का? मला आजही राग येतो. चटणी जिभेला झोंबते, लक्षात राहते. मुरमुऱ्यांचं कौतुक कोण करतंय!

तिने गुणाईला ओट्यावरून उठवलं. गुणाई समोर दगड मांडून बसली. दोघी आपापला भत्ता विकू लागल्या. कोंडाईची चटणी नुसती जळजळीत, गुणाईचे मुरमुरे वातड. दामाने दोन्हीकडे एकेक घास खाल्ला, हे ते नव्हे म्हणाला आणि देवळाच्या पायरीवर जाऊन पडला. त्याने अन्नच सोडलं.

तेव्हा गुणाई वाटी घेऊन आली आणि जावेकडे मूठभर मुरमुरे मागितले. कोंडाई म्हणाली, "तुझ्या चटणीवर जगव की त्याला."

पण दिवेलागणीला तिला राहवेना. तिला दया आली, असं समोरची सांगते. आमच्या घरात वेगळंच सांगतात. तो गुणाईचं नाव घेत मरेल, हे कोंडाईला सोसवेना. ती ताजे मुरमुरे घेऊन पायरीवर गेली. गुणाईच्या हातात मात्र दिले नाहीत. दामाच्या ओंजळीत एकीने मुरमुरे घातले, दुसरीने चटणी. तो खात राहिला, डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं आणि म्हणे इतकंच बोलला, "हे ते."

कुणाचं, ते कोंडाईने विचारलं. त्याने रिकामी ओंजळ पुन्हा पुढे केली.

त्या भत्त्यावर दामा उठून बसला आणि समोरचा ओटा घडवला. तेच त्याचं शेवटचं काम. दोरी लावून दोन्ही सारखे केले. एकीने मुरमुरे विकायचे, एकीने चटणी, आणि इथे खाऊन जो कुणी एकीचं नाव घेईल त्याच्या तोंडची चव जाईल, असं तो सांगून गेला. आमचा ओटा तसा किंचित उंच आहे. बघा हवं तर.

घ्या हे मुरमुरे, जा समोर. मधल्या कडुनिंबाखाली उभं राहून खा आणि तसेच आपल्या वाटेने जा. आजही इथे कुणी कुणाचं नाव घेत नाही. पण माणूस पहिला घास घेतो ना, तेव्हा आम्ही दोघी हातातलं काम टाकून त्याच्या तोंडाकडे बघत बसतो.