सामायिक लायब्ररी आणि टाकीची घंटा

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक दूध संघ होता. संघाच्या लिनक्स संगणकावर बरेच प्रोग्राम चालत. टाकीतल्या दुधाचे तापमान सांगण्याचे काम मात्र एकाच सामायिक लायब्ररीकडे, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांनी मिळून वापरायच्या कोडच्या संचाकडे होते. प्रत्येक प्रोग्राम सुरू होताना तिला नावाने शोधून काढी आणि मग तिलाच विचारी. साऱ्या गावाने एका विहिरीवर पाणी भरावे, तसा तो कारभार होता.

घंटेचा प्रोग्राम तेवढा वेगळा. दूध फार तापले किंवा फार गारठले की तो घंटा वाजवी. संघाची प्रोग्रामर इंदुमती हिने तो बांधतानाच लायब्ररीची प्रत त्याच्या पोटात घातली होती. त्यामुळे तो अंगाने जाड झाला, पण कुणाच्या दारी जात नसे.

संघाचा दुसरा प्रोग्रामर विश्वंभर. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. याचा बैल फक्त अजून रिकामा व्हायचा होता. तो म्हणे, "इंदुताई, प्रवासाला निघताना कुणी विहीर बरोबर नेतं का?"

एकदा त्याने तापमान दाखवणारा फलक केला. त्याला आकडा बारीक हवा होता. म्हणून चार अंशांना चार म्हणणारी लायब्ररी त्याने चाळीस दशांश म्हणेल अशी बदलली. नवीला नवे नाव दे आणि जुनीच्या शेजारी ठेव, असे इंदुमतीने बजावले. दोन-दोन कोण सांभाळत बसणार, असे म्हणून त्याने जुनी काढली आणि तिच्याच नावाने नवी ठेवली.

त्या दिवशी काहीच बिघडले नाही, कारण चालू असलेले प्रोग्राम आधी घेतलेली जुनीच लायब्ररी वापरत होते. विश्वंभर मिशीत हसला.

दुसऱ्या दिवशी वीज गेली आणि आली. प्रोग्राम नव्याने सुरू झाले. थंडाव्याच्या प्रोग्रामला उत्तर मिळाले चाळीस. दूध तापले असे समजून त्या बिचाऱ्याने थंड करणारे यंत्र पूर्ण जोराने सोडले. टाकीत साऱ्या खोऱ्याचे दूध होते. ते गोठले असते तर नासले असते.

तेवढ्यात घंटा वाजली. विश्वंभर धावला. टाकीच्या कडेला बर्फ धरू लागला होता. त्याने हाताने यंत्र बंद केले आणि दूध वाचले. तो इंदुमतीकडे गेला, चूक माझीच म्हणाला, आणि आता सगळेच प्रोग्राम घंटेसारखे बांधतो असेही म्हणाला.

"आणि उद्या लायब्ररीतच खोट निघाली तर?" इंदुमती म्हणाली. "विहीर एकदा उपसली की सगळ्यांना चांगलं पाणी मिळतं. घरोघरचे रांजण किती धुशील? संकटात हाक मारणारी घंटा तेवढी स्वतःच्या पायावर राहू दे."

विश्वंभरने जुनी लायब्ररी जुन्या नावाने परत ठेवली. नवीला नवे नाव दिले. फलक नवीला विचारू लागला, बाकीचे जुनीला. घंटेला मात्र तो पुन्हा कधी हसला नाही.

तात्पर्य: ज्यावर अनेकांचे चालते, ते एकट्याच्या सोयीसाठी परस्पर बदलू नये, नवे करायचे तर जुन्याच्या शेजारी, नव्या नावाने करावे.