तिसरी शांती

"सकाळी 'गाय' म्हटलं आणि संध्याकाळी 'आण' म्हटलं, तर कोणी गाय आणील का, गुरुजी?"

"कठीण आहे," धुंडीशास्त्री म्हणाले.

"कठीण नव्हे, अशक्य!" विश्वंभरानं मांडीवर थाप मारली. "एका शब्दाला दुसऱ्याची ओढ हवी, ती आकांक्षा. दोघांचं एकमेकांशी जमायला हवं, ती योग्यता. 'आगीनं झाडं शिंप' म्हटलं तर जमत नाही. आणि दोन्ही शब्द लागोपाठ यायला हवेत, ती संनिधी. यातलं एक नसेल तर वाक्य नाही. वाक्य नाही तर अर्थ नाही. मधे वेळ गेला की उरतो तो नुसता आवाज. काशीच्या सभेत मी हेच मांडणार."

विश्वंभर बोलायला लागला की गोदाकाठचे कावळेसुद्धा गप्प होतात, असं काकू म्हणत. काकू म्हणजे शास्त्रीबुवांची पत्नी. पोरगा हुशार होता यात शंका नाही. पण हुशारीला हल्ली शिंगं फुटू लागली होती.

"अण्णा कसे आहेत?" गुरुजींनी मधेच विचारलं.

विश्वंभर थांबला.

अण्णा म्हणजे त्याचे वडील. उन्हाळ्यात त्यांच्यावरून वारं गेलं, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. विश्वंभर घरी धावला होता, आणि तितक्याच घाईनं परतही आला होता.

"तसेच आहेत."

"बोलतात?"

"एकच शब्द. निघताना माझं मनगट धरलं आणि म्हणाले, 'तू...' मग नुसते ओठ हलत राहिले."

"मग?"

"मग काय, गुरुजी? आकांक्षा होती, संनिधी नव्हती." त्याचे उच्चार अगदी स्वच्छ होते. "वाक्य झालं नाही."



"हं," गुरुजी एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काशीला जाणाऱ्या यात्रेकरूंची संगत निघायची होती. पहिल्या नावेनं पैलतीर गाठायचा आणि तिथून उत्तरेची वाट धरायची. ही संगत चुकली की पुढची थेट दिवाळीनंतर, आणि सभा तर त्याआधीच. विश्वंभराचं गाठोडं रात्रीच बांधून झालं होतं. काकू दशम्या तेवढ्या सकाळी ताज्या करून देणार होत्या.

पण निघण्याआधी पाठ हवाच. सकाळचा पाठ त्याचा एकट्याचा असे. ओसरीवर दोन दर्भासनं, समोर नदी.

या पाठशाळेत एक रीत होती. पाठ संपला की गुरुजी तीनदा 'शांतिः' म्हणत. तिसरी शांती कानावर पडेपर्यंत शिष्यानं पोथी मिटायची नाही, मांडी मोडायची नाही आणि तोंडही उघडायचं नाही. एकदा आढ्यावरून साप उतरला, तरी पोरं तिसऱ्या शांतीपर्यंत हलली नव्हती. सापच कंटाळून निघून गेला, असं सांगतात.

त्या सकाळी पाठ झाला.

"शांतिः," गुरुजी म्हणाले.

"शांतिः..."

आणि गप्प झाले.

विश्वंभर वाट पाहू लागला. गुरुजींनी टकळी उचलली आणि जानव्याचं सूत कातायला घेतलं.

विसरले असतील. वय झालं. विश्वंभर हळूच खाकरला. गुरुजींनी वर पाहिलं नाही.

घाटावरून हाक आली. "अहो विश्वंभरपंत! नाव सुटतेय!"

त्यानं गुरुजींच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते.

मग त्याला भलतीच शंका आली. यांच्याही वाचेला काही झालं तर नाही? अण्णांचं असंच झालं होतं. सकाळी पूजा सांगत होते, दुपारी जीभ आत वळली. त्यानं डोळे ताणून पाहिलं. ओठ वाकडे नव्हते. हात थरथरत होता, पण तो नेहमीच थरथरे. तरी तो पुन्हा पुन्हा पाहत राहिला. याच माणसानं त्याला ओ की ठो येत नव्हतं तेव्हा बोट धरून अक्षर गिरवायला शिकवलं होतं.

तेवढ्यात काकू दारात आल्या. "अहो, नाव चाललीय. दशम्या बांधून देऊ का याला?"

"आत्ता नको," गुरुजी म्हणाले. "संध्याकाळी नव्यानं कर. साईच्या दुधात मळ. मऊ हव्यात, चावाव्या लागू नयेत."

"का? याचे दात पडलेत की काय?"

गुरुजी हसले.

म्हणजे वाचा ठणठणीत होती! विश्वंभराचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच तळपायाची आग मस्तकात गेली. दशम्यांबद्दल बोलायला वेळ आहे, आणि माझ्या एका शब्दाला नाही?

नाव गेली. वल्ह्यांचा आवाज लांब लांब होत गेला. काशीची सभा, शालजोडी, चार लोकांत होणारं नाव, सगळं त्याच्या डोळ्यांदेखत पाण्यावरून निघून गेलं. त्याला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. पण तो उठला नाही. उठायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही, कारण पाठ अजून संपला नव्हता.

दुपार झाली. काकूंनी दोघांसमोर दुधाचे पेले ठेवले. कोणीच प्यायलं नाही. गुरुजींचे गुडघे दुखत होते, ते मधूनमधून हातानं दाबत. तेही उठले नव्हते, हे विश्वंभराच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

मग त्याचा राग हळूहळू निवला. माणूस दिवसभर रागावून बसू शकत नाही. तो नुसता बघत राहिला. टकळी फिरे, सूत तुटे, गुरुजी ते थुंकीनं सांधत आणि पुन्हा कातत. ओठ जरासे हलले की विश्वंभराचा श्वास अडके. आता म्हणतील. नाही... सूत सांधलं फक्त. एका म्हाताऱ्या माणसाच्या ओठांकडे त्यानं जन्मात इतकं पाहिलं नव्हतं.

पाहिलं नव्हतं...?

ऊन ओसरीवरून उतरून घाटावर गेलं. गुरं परतली. चुलीवर दशम्या भाजल्याचा वास येऊ लागला.

गुरुजींनी टकळी खाली ठेवली.

"शांतिः," ते म्हणाले.

विश्वंभराचे हात आपोआप जुळले. त्यानं पोथी मिटली, तिला फडकं गुंडाळलं आणि गाठ मारता मारता त्याचे हात थांबले.

"तीन झाल्या, गुरुजी..."

"झाल्या का?"

"सकाळच्या दोन, आणि ही."

"मधे अख्खा दिवस गेला की. शिवाय दशम्यांचं बोलणं झालं."

"तरी झाल्या."

"कशा?"

विश्वंभराला उत्तर येत होतं, पण ते कुठल्याच सूत्रात बसत नव्हतं. त्यानं मान खाली घातली.

"मी वाट बघत होतो."

नदीवर वारा सुटला होता.

"अण्णांचे ओठ हलत होते, गुरुजी," तो म्हणाला, आणि त्याचा तो सभा गाजवणारा आवाज फुटला. "हलत होते. मी पाहिलं होतं. मनगट इतकं घट्ट धरलं होतं त्यांनी... मी सोडवून घेतलं. एकेक बोट सोडवलं."

धुंडीशास्त्री भिंतीला धरून उठले. आखडलेल्या पायांनी त्याच्याजवळ आले, शेजारी टेकले, आणि आपल्या उपरण्याच्या टोकानं त्याचे डोळे पुसू लागले. पाच वर्षांच्या पोराचे पुसावेत तसे.

"मग तिथून उठलास कसा?"

"नाव सुटणार होती."

काकू बाहेर आल्या आणि दशम्यांचं फडकं त्याच्या मांडीवर ठेवून निमूट आत गेल्या. फडकं कोमट होतं. त्यानं वरूनच दाबून पाहिलं. दशम्या लोण्यासारख्या मऊ होत्या, तोंडात ठेवल्या तर विरघळतील इतक्या. कुणासाठी, ते त्याला आत्ता कळलं.

गुरुजींनी उपरणं खांद्यावर टाकलं.

"नाव आजही सुटणारच होती, बाळ."