येसोबा वैद्यांचा दोरा

आपल्या खडकवळ्याला रस्ता नव्हता आणि पटकीचं नाव काढायलाही लोक भ्यायचे, तेव्हाची ही गोष्ट. जरा जवळ सरका, हे मोठ्यानं सांगायचं नसतं.

गावात येसोबा वैद्य होते. नुसती नाडी धरून माणसाच्या पोटातलं सांगायचे, असं म्हणतात. एका उन्हाळ्यात शेजारच्या वाडीत पटकी शिरली. येसोबा तिकडे निघाले आणि पाटलांना बजावून गेले, "शीव बांधा. तिकडून येईल त्याला पाच दिवस आत घेऊ नका. मी आलो तरी!"

ते परतले तेव्हा शिवेवर बाभळीच्या काट्या पुरुषभर उंच रचलेल्या होत्या. अलीकडे, शिवेलगतच्या त्यांच्याच घरात, सात वर्षांची सोनी तापानं फणफणली होती. एकुलती एक लेक हो!

पाटील रडकुंडीला आले. "वैद्यबुवा, काट्या बाजूला करतो. पोर हातची जाईल!"

"काटीला हात लावू नका," पलीकडून आवाज आला. "माझ्या अंगावरून पटकी आली तर गावात रडायलाही कुणी उरायचं नाही. एक दोरा सोनीच्या मनगटाला बांधा, दुसरं टोक इकडे टाका."

त्या दोऱ्यावरून त्यांनी लेकीची नाडी पाहिली, असं म्हणतात. पलीकडून ते सांगायचे, "गुळवेलीचा काढा द्या. कपाळावर ओलं फडकं ठेवा." त्यांची बायको भागीरथी तसं करायची आणि रोज फडक्यात भाकरी बांधून काट्यांवरून फेकायची. आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला, पण थांबला नाही. पाचव्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "उतरला ताप. उठवा तिला." सोनी उठून बसली आणि तिनं पेज मागितली!

सगळे आनंदानं काट्या काढायला धावले. पलीकडे येसोबा बोरीच्या झाडाला टेकून बसले होते, बोटाला दोरा गुंडाळलेला. अंग लाकडासारखं ताठ आणि गार. दुसऱ्या दिवसापासूनच्या भाकऱ्या तशाच पडलेल्या, फडक्यांच्या गाठीसुद्धा सुटलेल्या नव्हत्या. मग चार दिवस बोलत कोण होतं?

त्या सालात खडकवळ्यात पटकीनं एकही माणूस गेलं नाही.

आजही गावात कुणी फार आजारी पडलं की त्याच्या मनगटापासून त्या बोरीपर्यंत दोरा नेतात आणि बोरीखाली भाकरी ठेवतात. दोरा आपण ओढायचा नाही. मी एकदाच धरला होता, माझ्या आईच्या दुखण्यात, आणि तो पलीकडून हलला. मी बोंब ठोकून पळालो, खोटं कशाला सांगू?

म्हातारी झालेली सोनी मात्र घाबरणाऱ्यांना म्हणायची, "पळता काय रे? बाबा नाडी बघतायत. गप उभे राहा."