मानाचा तुकडा

फार फार पूर्वी, जनावरांनी माणसांशी अबोला धरला नव्हता तेव्हाची ही गोष्ट आहे.

एका उंच डोंगरावर एक गाव होतं. गावापुढे खोल दरी होती आणि दरीपलीकडे हिरवंगार पठार. गावाची मेंढरं त्या पठारावर चरायची. पलीकडे जायला दोरांचा पूल होता. पायाखाली एक जाड दोर आणि धरायला दोन बाजूंना दोन बारीक दोर, एवढाच तो पूल. पण गावातली माणसं त्यावरून अशी चालायची की जणू अंगणातूनच चालली आहेत. उन्हाळा सरला की मेंढरं एकेक करून खांद्यावर घालून पलीकडे न्यायची आणि थंडी पडण्याआधी तशीच परत आणायची, ही तिथली रीत होती.

एका वर्षी, मेंढरं परत आणायच्या ऐन दिवसांत, पायाखालचा जाड दोर तुटला. नशिबानं पुलावर कुणी नव्हतं. पण हौसा नावाच्या बाईची लेक केशर पलीकडे मेंढरं राखत होती. ती तिकडेच अडकली.

हाताचे बारीक दोर शाबूत होते. त्यांना भाकरीपुरती छोटी टोपली अडकवून गाव केशरला भाकरी पाठवू लागलं. रोज संध्याकाळी हौसा कड्यावर उभी राहून हाक मारायची.

"केशर, जेवलीस का गं?"

"जेवले गं आई!"

"थंडी वाजते का?"

या प्रश्नाचं उत्तर यायला मात्र वेळ लागायचा.

जाड दोर डोंगरात मिळत नव्हता. तो समुद्राकाठच्या राज्यात काथ्यापासून वळत. तिथे जायचं तर मधे मैदानाचं राज्य ओलांडावं लागे. गावानं घरोघरची नवी घोंगडी गोळा केली, ती गाढवावर लादली आणि हौसाला सांगितलं, "घोंगडी दे आणि दोर आण."

गावातले म्हातारे गुणाजीबाबा पूल बांधण्यात जाणते होते. ते म्हणाले, "पोरी, दरी ओलांडून दोन्हीकडच्या खडकांना वेढे देता येतील एवढा दोर हवा. वर थोडा जास्तीचा घे. कमी मात्र आणू नकोस. पूल थोडासा कमी पडला, असं कधी नसतं. तो एक तर पोचतो, नाहीतर पोचत नाही."

हौसा समुद्राकाठी पोचली. घोंगडी दिली आणि सांगितलं होतं तेवढा दोर घेतला. त्याची वेटोळी गाढवाच्या पाठीवर रचली तेव्हा गाढवाचे पाय वाकले.

"हौसाबाई," गाढव म्हणालं, "हा दोर आहे की डोंगर?"

"माझी लेक आहे तो," हौसा म्हणाली. "चल गुमान."

समुद्राच्या राज्याच्या सीमेवर एक नाका होता. तिथला नाकेदार लांब मिशांचा होता. त्यानं दोरावर हात ठेवला, इकडून तिकडून दाबून पाहिला आणि म्हणाला, "दोर चांगला आहे. आता हातलावणी द्या."

"ती कसली?"

"आमच्या राज्यात अधिकाऱ्यानं मालाला हात लावला की हातलावणी द्यावी लागते."

"मग हात लावू नका ना," गाढव म्हणालं.

"हात लावल्याशिवाय तपासणार कसा?" नाकेदार म्हणाला. त्यानं सुरा काढून दोराचा चांगला लांब तुकडा कापून घेतला. "एवढ्या मोठ्या दोरातला एवढासा तुकडा! तुम्हाला कळणारही नाही. आणि बाई, पुढे मैदानाच्या राज्यात जरा जपून हं. तिथले लोक लाच घेतात."

हौसा भिडस्त होती. तिला कुणाशी वाद घालायला जमत नसे. जास्तीचा दोर घेतलाच आहे, चालायचंच, असं म्हणून ती पुढे निघाली.

मैदानाच्या राज्यातला नाकेदार हसतमुख होता. त्यानं हौसाला बसायला घोंगडं दिलं, गूळपाणी दिलं. गाढवापुढे कडबासुद्धा टाकला. मग हळूच विचारलं, "त्या मिशाळानं किती कापला?"

हौसानं हात पसरून दाखवलं.

"शी, शी, शी! लुटारू आहेत मेले. आमच्याकडे तसलं काही नाही हो ताई. आम्ही कुणाकडे काही मागत नाही. फक्त प्रेम."

"प्रेम?"

"प्रेमानं काय द्यायचं ते द्या."

हौसानं दोराचं टोक धरून वीतभर दाखवलं. नाकेदार हसला. "ताई, प्रेम असं वितीनं मोजतात का?" असं म्हणून त्यानं प्रेम स्वतःच मोजून घेतलं. ते हातलावणीपेक्षा बरंच लांब भरलं.

वाटेत गाढव खुशीत होतं. "मला हे अधिकारी फार आवडले, हौसाबाई. माणसं दयाळू आहेत. ओझं कसं हलकं करतात बघा!"

"गप रे," हौसा म्हणाली. पण तिच्या मनाला काहीतरी टोचलं. तिनं ते पुढच्या वळणाला मनातून काढून टाकलं. आता आपलंच राज्य येणार होतं.

आपल्या राज्याच्या नाक्यावरचा नाकेदार तर हौसाच्या आईच्या गावचा निघाला. ती त्याला मामा म्हणायची. मामानं घरच्यांची चौकशी केली. केशरचं ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणीही आलं. "त्या परक्यांनी तुला नागवलं असणार," तो म्हणाला. "आपल्या माणसांत ये तू. इथे तुला कुणी त्रास देणार नाही."

आता तुम्हाला त्या डोंगरातली एक जुनी रीत सांगायला हवी. तिथे कुठलीही नवी वस्तू घरात आली की तिचा पहिला वाटा वडीलधाऱ्याला द्यायचे. गाय व्यायली की पहिला चीक, मेंढरू कातरलं की पहिली लोकर. कुणी मागायचं नाही. द्यायचं आपल्या खुशीनं. त्याला ते लोक मान म्हणायचे.

मामानं काही मागितलं नाही. तो फक्त खाकरला आणि दोराकडे पाहत राहिला. मग त्यानं सुरा हौसाच्या हातात ठेवला.

हौसा एकदम लाजली. आपणहून सुचायला हवं होतं आपल्याला, असं तिला वाटलं. तिनं स्वतःच्या हातानं दोराचा तुकडा कापला आणि वाकून मामापुढे ठेवला.

"एवढाच?" मामा म्हणाला. "मामाचा मान एवढाच होय गं?"

तिनं आणखी कापला.

पुढची चढण खडी होती. तरीही गाढव तुरुतुरु चालत होतं. "हौसाबाई, आणखी चारसहा नाके असते तर मी मोकळ्या पाठीनं घरी पोचलो असतो!"

हौसा हसली. हसता हसता थांबली. इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदाच त्या वेटोळ्यांकडे नीट पाहिलं.

गावात पोचताच सगळे कड्यावर जमले. दोराचं एक टोक अलीकडच्या खडकाला वेढे देऊन बांधलं. दुसरं टोक हाताच्या बारीक दोरावर अडकवलं आणि पलीकडून केशर ते ओढू लागली. दोर सरकत सरकत दरीवर गेला. अर्ध्यापर्यंत गेला, अर्ध्याच्या पुढे गेला. मग थांबला.

"आई, दोर सोड ना अजून!" केशर ओरडली.

"सोडलाय गं!"

"अजून सोड!"

टोक हवेत लोंबत होतं. केशर कड्याच्या अगदी काठाशी वाकून हात पुढे करत होती. हात आणि टोक यांच्यामध्ये फार अंतर नव्हतं. पण त्या अंतराखाली सगळी दरी होती.

हौसा तशीच धावत खाली नाक्यावर गेली. मामाच्या पडवीत तिच्या दोराच्या तुकड्याचा झोपाळा टांगलेला होता.

"मामा, तो तुकडा परत द्या. दोर पुरला नाही."

मामा शांतपणे म्हणाला, "हौसा, तू शहाणी आहेस. जरा विचार कर. हा तुकडा जोडलास तर दोर पुरेल का?"

हौसानं मनात मोजून पाहिलं. "नाही."

"मग? माझ्यामुळे थोडाच कमी पडला? आधी त्या दोघांचे तुकडे आण. मग माझा ने."

ते दोघेही हेच म्हणतील, हे तिला इथूनच कळलं. तिघांनी मिळून पूल खाल्ला होता आणि तिघांपैकी एकानंही तो खाल्ला नव्हता.

ती परत आली. गुणाजीबाबांनी तोवर घराघरातून दावी मागवली होती. विहिरीचे दोर आले, बायकांनी जुनी लुगडी फाडून दिली. बाबांनी लोंबता दोर मागे ओढून घेतला आणि ते सगळं एकत्र पिळून त्याच्या टोकाला जोड दिला. जोड पलीकडे पोचला. केशरनं तो खडकाला बांधला.

बाबांनी दोर ताणून ती गाठ पारखली. मग म्हणाले, "एकटं माणूस जाईल. खांद्यावर मेंढरू घेऊन कुणी जायचं नाही. दोघांचं वजन ही गाठ सोसणार नाही."

नवा पूल झाला की अधिकाऱ्यानं येऊन पाहायचा, असा राज्याचा नियम होता. म्हणून दुसऱ्या दिवशी मामा नवा फेटा बांधून आला. आणि नव्या पुलावर पहिलं पाऊल जमलेल्यांपैकी हुद्द्यानं सर्वांत मोठ्या माणसानं टाकायचं, असा गावाचा रिवाज होता. त्यालाही ते मानच म्हणत.

हौसा पुढे झाली. भीड बाजूला सारून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"मामा, पहिल्या पावलाचा मान तुमचा."

मामानं पुलाकडे पाहिलं. दरीवर, पलीकडच्या काठाच्या अलीकडे, निळी, हिरवी, विटकी लुगडी पिळून बांधलेली ती गाठ वाऱ्यानं हलत होती.

"मी कशाला?" तो म्हणाला. "मान काय, कुणालाही द्या. मी त्यातला नाही."

"असं कसं? दोर तुमच्याच नाक्यावरून आलाय ना?"

"माझं वजन जास्त आहे," मामा म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला.

कुणी हसलं नाही. हौसानं पदर खोचला, हाताचे दोर धरले आणि ती स्वतःच निघाली. गाठीवर पाऊल पडलं तेव्हा लुगडी करकरली. ती पलीकडे पोचली. तिनं केशरला पोटाशी धरलं तेव्हा पोरीचे हात बर्फासारखे गार होते.

"तू आधी जा," हौसा म्हणाली. "मी मागून येते."

केशर हलली नाही. तिच्या पायांशी मेंढरं गोळा झाली होती. "आई, एक कोकरू तरी? अगदी छोटं आहे गं. वजनच नाही त्याला."

हौसानं गाठीकडे पाहिलं, मग लेकीकडे. "नाही, केशर," ती म्हणाली. हे शब्द बोलताना तिला जेवढं जड गेलं, तेवढं पूल ओलांडतानाही गेलं नव्हतं.

दोघी सुखरूप आल्या. मेंढरं राहिली. नवा दोर आणायला वेळ उरला नव्हता. थंडी दारात आली होती. पुढे कित्येक सकाळी पलीकडून बें बें ऐकू यायचं. मग ते कमी होत गेलं. मग नुसता वारा ऐकू यायचा. त्या थंडीत गावातल्या पोरांना नवं घोंगडं मिळालं नाही.

मामाला कुणी काही बोललं नाही. पण त्या दिवसापासून हौसानं त्याला मामा म्हटलं नाही. ती त्याला नाकेदार म्हणू लागली, आणि मग सगळं गावच म्हणू लागलं.

थंडी सरली. गावानं अंगावरची उरलीसुरली घोंगडी एकत्र केली. हौसा म्हणाली, "या खेपेला मी एकटी जाणार नाही. आणि दोर गाढवावर लादायचा नाही."

सगळं गाव समुद्राकाठी गेलं. परत येताना त्यांनी तो लांबच लांब दोर पुरता उलगडला आणि प्रत्येकानं तो आपल्या हातात धरला. म्हातारे, बाया, पोरं, सगळे. दोरावर असा एक हातभर भाग नव्हता, जिथे कुणाची मूठ नव्हती.

मिशाळ नाकेदार सुरा घेऊन पुढे आला. "हात काढा. कापायचा आहे."

"कुणाचा हात काढू, साहेब?" हौसानं विचारलं. "ज्याच्या हातापाशी कापाल, तो तिथून दरीत पडेल. तेवढं त्याला तोंडावर सांगा आणि कापा."

नाकेदार रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. प्रत्येक मुठीपाशी एक तोंड होतं आणि प्रत्येक तोंड त्याच्याकडे पाहत होतं. एवढ्या मोठ्या दोरात त्याला एवढासा तुकडा कुठे सापडेना. मैदानाच्या नाक्यावरही प्रेम मोजायला जागा उरली नव्हती.

शेवटी आपल्या राज्याचा नाका आला. नाकेदार रस्त्यात उभा होता. तो खाकरला. कुणी थांबलं नाही. हौसा सर्वांत पुढे होती. तिच्या मागे केशर होती. केशरनं त्याच्याकडे पाहत विचारलं, "आजोबा, तुम्हीही धरता का? चढ मोठा आहे."

नाकेदारानं सुरा कमरेला खोचला आणि मान खाली घालून तो रस्त्यातून बाजूला झाला. दोर त्याच्यासमोरून जात राहिला, मुठीमागून मूठ, कितीतरी वेळ.

तो दोर दरी ओलांडून पलीकडच्या खडकाला पोचला. त्याला तीन वेढे बसले आणि वर थोडा उरलाही.

तेव्हा लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: खुर्चीवरच्या माणसाला आपण निमूट कापू देतो तो लहानसा तुकडा नेहमी कुणाच्या तरी पायाखालच्या वाटेतूनच कापलेला असतो.