उंबरपट्टणात बांधाबांध बंद

उंबरपट्टणच्या प्रचंडराव राजानं दवंडी पिटवली, "‘बांधणे’ या शब्दाचा अर्थ काय नि तो आला कुठून, हे कळेपर्यंत राज्यात कुणी काही बांधायचं नाही!"

दवंडीवाल्यानं मान डोलावली, गळ्यात बांधलेला ढोल सोडला नि काखेत धरून निघाला.

झालं होतं असं, की नोकर राजाला पागोटं बांधत होता. तेवढ्यात दिवाणजी आले. म्हणाले, "महाराज, पाहुण्यांचा वाडा बांधून झाला. आणि पाऊस लवकर येणार, असा जोशीबुवांनी अंदाज बांधलाय."

राजा दचकला. "पागोटं बांधलं, वाडा बांधला, आता अंदाजही बांधला? दोरी कुठाय अंदाजाला?"

"तसं म्हणतात, महाराज."

"म्हणतात? अर्थ कळल्याशिवाय माझ्या राज्यात काही चालायचं नाही!"

पंडित आले. पहिला म्हणाला, "बांधणं म्हणजे दोरीनं जखडणं."

"मग माझा वाडा कुठल्या दोरीनं जखडलाय रे?"

दुसरा म्हणाला, "बांधणं म्हणजे रचणं."

"मग तू घरी गाय रचतोस काय?"

तिसरा म्हणाला, "महाराज, हा शब्द संस्कृतातून आला."

"आणि संस्कृतात कुठून आला?"

पंडित पोथी चाळू लागला. राजानं शिक्षा ठरवली, चुकेल त्यानं एकेक मोकाट बैल धरून चौकात उभं राहायचं. तीन पंडित तीन बैलांची शिंगं धरून उभे राहिले. बैलांना शास्त्राची गोडी नव्हती.

आता बघा, सगळ्या गावाची काय तऱ्हा झाली! गुरं बाजारात, वासरं गाईंना पिऊन टम्म, दुधाचा थेंब नाही. जो तो धोतर हातात धरून चालतोय. नमस्कार करायची सोय राहिली नाही. पण राजा शब्दाचा पक्का, एवढं मात्र म्हणायला पाहिजे. त्यानं स्वतःच्या सुरवारीची नाडीही सोडली आणि दोन्ही हातांनी सुरवार धरून सिंहासनावर बसून राहिला.

सटवाजी गवळ्याच्या घरी त्याच दिवशी लग्न होतं. नवरी हौसा, नवरा पलीकडच्या गावचा गवळी. वऱ्हाड वेशीत आलं, पण मुंडावळ्या बांधायच्या नाहीत, हळकुंडं बांधायची नाहीत, उपरण्याला शालूची गाठ नाही!

नवऱ्याची आत्या फणकारली, "अहो व्याही, मुहूर्त टळला की आम्ही परत फिरणार. पोराला कपाळावर हातानं मुंडावळ्या धरून उभा करू काय?"

सटवाजी वऱ्हाडाच्या वाटेत आडवा बसला. हौसा म्हणाली, "बाबा, उठा. मी राजाला आवतण देऊन येते." तिनं डाव्या हातानं लुगडं धरलं, उजव्या हातात गुळाचा खडा घेतला नि निघाली.

दारावर पहारेकरी होते. त्यांचेही हात गुंतलेले. "थांब!" ते ओरडले. हौसा थांबली नाही, आणि त्यांना धावता आलं नाही.

दरबारात दोन म्हशी रवंथ करत होत्या. माश्या तर विचारू नका!

"कोण गं तू?" राजानं विचारलं.

"सटवाजी गवळ्याची हौसा. आज माझं लग्न आहे, महाराज. आवतण द्यायला आले, आणि तुमच्या शब्दाचा अर्थही सांगायला आले."

"चुकलीस तर लग्नाच्या दिवशी रेडा धरून उभी राहशील!"

"राहीन की. पण आमच्यात आवतण देताना आधी तोंड गोड करतात."

"माझे हात गुंतलेत."

"दिसतंय. आ करा."

राजानं आ केला. हौसानं गूळ भरवला. थोडा तोंडात गेला, थोडा मिशीला चिकटला. मग ती दोन पावलं मागं सरून म्हशींकडं बघत उभी राहिली.

"बोल की!"

"बोलते. माझा साक्षीदार यायचाय."

साक्षीदार आला. म्हशीच्या पाठीवरून उठला, राजाच्या मिशीवर बसला, तिथून नाकावर चढला. राजानं फुंकर मारली. माशी जागची हलेना. राजानं नाक हलवलं, कान हलवले, मान झटकली. तोवर साक्षीदाराची भावंडंही आली.

"दिवाणजी! माशी हाकला!"

"महाराज, माझं धोतर..."

"सेनापती!"

"माझंही तेच, महाराज!"

एक माशी नाकपुडीत शिरली, तसा राजा गर्जला, "अरे, बांधा! कुणीतरी माझी नाडी बांधा!"

दिवाणजी केविलवाण्या आवाजात म्हणाले, "आधी माझं बांधून घेऊ का, महाराज?"

"घे! सगळे बांधा!"

क्षणात सगळ्या दरबारानं गाठी मारल्या. दिवाणजींनी राजाची नाडी बांधली. राजानं दोन्ही हातांनी नाक खसखसून चोळलं नि म्हणाला, "हुश्श!"

"हाच अर्थ, महाराज," हौसा म्हणाली. "बांधणं म्हणजे हात मोकळा करणं. गाय बांधली, गवळ्याचा हात मोकळा. वाडा बांधला, छप्पर हातांवर धरून उभं राहायला नको."

"आणि अंदाज?"

"अंदाज बांधला की जोशीबुवा आभाळाकडं बघणं सोडून जेवायला बसतात!"

दरबारात बसलेल्या जोशीबुवांनी खाली बघितलं.

"बरं, आणि लग्नाची गाठ गं?"

"ती बांधली की दिवसभर एकमेकांचा हात धरून बसावं लागत नाही. तो त्याच्या म्हशींकडं, मी माझ्या गाईंकडं. सांजेला चूल एकच."

राजानं मिशीवरचा गूळ पुसला. मग डोळे बारीक करून म्हणाला, "अर्थ पटला. पण शब्द आला कुठून?"

"दोन्ही हात गुंतलेत आणि नाकावर माशी बसलीय, अशा कुण्या पहिल्या माणसाच्या तोंडून आला. कसा आला, ते आत्ता सगळ्या दरबारानं ऐकलं!"

राजा असा हसला, की म्हशी उठून बाहेर गेल्या. "पोरी, चौकातले पंडित सोडवतो, आणि नदीकाठचं हिरवं कुरण तुला आंदण देतो. अजून काय पाहिजे?"

"आधी चला, महाराज! अक्षता टाकायला दोन्ही हात लागतात!"