लाल अळंबीला अभय

फार जुन्या काळी हिमालयातल्या एका भूर्जवनात शरद ऋतू लागला की लाल अळंब्या उगवत. त्यांच्या टोपीवर पांढरे ठिपके असत आणि अंगात विष.

एकदा सशिणीच्या पिल्लाने त्यातली एक कुरतडली. ते दिवसभर ओकत, थरथरत पडून होतं. संध्याकाळी त्याने डोळे उघडले, तशी सशीण तडक बारशिंग्याकडे गेली. "दादा, त्या सगळ्या तुमच्या खुरांखाली चिरडून टाका," ती म्हणाली.

बारशिंग्याने येऊन पाय उचलला. थोरली अळंबी सशिणीला म्हणाली, "ताई, तुझ्या लेकराचे हाल झाले, याचं मला वाईट वाटतं. अंगातलं विष मला काढून टाकता येत नाही. लांबून दिसावं म्हणून तर मी अशी लाल होऊन उभी राहते."

"माझ्या पिल्लाला ते कुठे ठाऊक होतं?" सशीण म्हणाली.

तेवढ्यात शेजारचं भूर्जाचं रोप बोललं, "मावशी, उन्हाळ्यात माझी मुळं पाण्यापर्यंत पोचत नव्हती. हिने मातीतल्या आपल्या धाग्यांनी मला ओल आणून दिली, म्हणून मी तग धरला. ही गेली तर मीही वाळून जाईन."

सशीण त्या कोवळ्या रोपाकडे बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "दादा, पाय मागे घ्या."

सकाळी ती सगळ्या पिल्लांना घेऊन तिथे आली. "हिला नीट ओळखून ठेवा. तोंड लावायचं नाही आणि तुडवायचंही नाही."

आजारातून उठलेल्या पिल्लाने विचारलं, "आणि बोलायला यायचं का?"

"रोज ये," अळंबी म्हणाली.