चव्वेचाळीस नावं

"म्हणजे माझं चुकलं कुठे, ते तरी सांगा, ता!"

म्हातारा डोनटचे ट्रे धूत होता.

ख्मेर भाषेत ता म्हणजे आजोबा. ता सारून सत्त्याहत्तर वर्षांचा. कंबोडियातून जीव घेऊन पळालेल्या लोकांच्या छावणीत त्याने बाप्तिस्मा घेतला आणि तिथेच तो इतरांना शुभवर्तमान सांगू लागला. आता अमेरिकेतल्या एका शहरात लेकीच्या डोनटच्या दुकानात राबतो. दुकान पहाटे उघडतं आणि दुपारी बंद होतं. हे बोलणं बंद दुकानातच चाललं होतं.

प्रश्न विचारणारा सुहास भिंगारदिवे, नगरचा. मिशनने त्याला इथल्या ख्मेर बोलणाऱ्या मंडळीसाठी पाठवलं होतं. गडी हुशार. दोन वर्षांत ख्मेर असा शिकला की इथेच जन्मलेल्या पोरांच्या बोलण्यातल्या चुका काढायचा. आणि हे सगळ्यांना स्वतःच सांगायचा.

पण मंडळी काही येईना. एके काळी भरून वाहणाऱ्या हॉलमध्ये रविवारच्या उपासनेला तीन जण बसत. त्यातला एक ता सारून.

मिशनचं पत्र आलं होतं. नाताळपर्यंत वीस माणसं जमली नाहीत तर हॉल सोडायचा, सुहासने परत यायचं. नगरला कोणत्या तोंडाने जाणार? शिवाय खरं सांगायचं तर या लोकांवर त्याचा जीव जडला होता. एवढी माणसं आपल्या हातून निसटली, याचं त्याला मनापासून दुःख होत होतं.

"मी कसूर ठेवली नाही," तो म्हणाला. "चव्वेचाळीस नावं आहेत. प्रत्येकाच्या दारात तीन-तीनदा गेलो. ही बघा वही."

वही देखणी होती. पट्टीने रेघा आखलेली. नाव, वय, घरात माणसं किती, कोण काय करतं, पूर्वी काय करायचे, चर्चला येणं कधी सुटलं. नगरला चर्चच्या मंडळीत अशीच वही असते. कोण आजारी आहे, कोण अडचणीत आहे, ते तिच्यावरून कळतं.

"दार उघडतात?" म्हाताऱ्याने विचारलं.

"उघडतात. हसतात. हात जोडतात."

"उत्तरं देतात?"

"देतात, पण दर खेपेला वेगळी! ती चान्थू आजी. आधी म्हणाली, दोन मुलगे. पुढच्या वेळी म्हणाली, मला मूलबाळच नाही. तिसऱ्यांदा दारच उघडलं नाही. आत टीव्ही चालू होता, ता. मला ऐकू येत होता! देवाच्या माणसाशी खोटं बोलायचं म्हणजे..."

म्हाताऱ्याने नळ बंद केला. हात पुसले.

"वही दे."

सुहासने दिली.

"पेन."

तेही दिलं. म्हातारा काउंटरच्या पलीकडे जाऊन बसला. कोरं पान काढलं.

"नाव?"

सुहासला हसू आलं. "माझं? तुम्हाला माहीत आहे की."

"नाव?"

"...सुहास भिंगारदिवे."

"घरात किती माणसं?"

"चार. आई, वडील, बहीण आणि मी."

"वडील काय करतात?"

"शिक्षक होते." सुहासचा आवाज आपोआप चढला. "छत्तीस वर्षं. अख्खा तालुका ओळखतो त्यांना."

म्हाताऱ्याने सावकाश लिहिलं. शिक्षक.

"तू शिकलेला?"

"एम.ए."

"परकी भाषा येते?"

"इंग्रजी. आणि तुमची."

म्हाताऱ्याने तेही लिहिलं. मग वही मिटून तिच्यावर हात ठेवला.

"तिकडे क्रांतीवाल्यांची सत्ता आली, तेव्हा आमच्या गावात असाच एक जण यायचा," तो म्हणाला. "तुझ्याच वयाचा. काळे कपडे, वही, पेन. फार गोड बोलायचा. घरात किती माणसं? पूर्वी काय करायचात? देश नव्याने उभा करायचाय, शिकलेली माणसं हवीत, म्हणायचा."

"मग?"

"माझ्या वडिलांनी खरं सांगितलं. तेही शिक्षक होते."

"मग, ता?"

"संध्याकाळी त्यांचं नाव पुकारलं. ते गेले... ज्याचं नाव पुकारलं, तो कधी परत आला नाही."

सुहासने म्हाताऱ्याच्या हाताखालच्या वहीकडे पाहिलं.

"दर रविवारी," तो कसाबसा म्हणाला, "जे आले नाहीत त्यांची नावं मी मोठ्याने वाचतो."

"हो."

"त्यांच्यासाठी प्रार्थना करायची म्हणून वाचतो."

"मला ठाऊक आहे. म्हणून मी अजून येतो."

"तुम्ही आधी का नाही बोललात?"

"तू कुणाचं काय चुकतंय ते सांगायचास. तुझं काय चुकतंय, हे आज विचारलंस."

सुहासला रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही. त्या चव्वेचाळीस दारांमागे आपल्यामुळे किती जणांच्या उरात धडकी भरली असेल, हा विचार त्याला सोसवेना. त्याने वही ओढून घेतली.

"फाडून टाकतो!"

"फाड, नाहीतर ठेव. दारात नेऊ नकोस."

"मग रिकाम्या हाताने जाऊ?"

"रिकाम्या हाताने जा."

"आणि चान्थू आजीने दार उघडलं तर काय म्हणू? मिशनने पाठवलंय म्हणू? माफी मागू? देवाचा निरोप घेऊन आलोय म्हणू?"

म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली. उठला, पुन्हा ट्रेकडे वळला.

"भूक लागलीय म्हण."